दोन साडू, एक चाळणी

सांगलीच्या एसटी स्टँडवर जोतीराम वाघमारे वाहतूक नियंत्रक होता. मन मोठं. हाताखालच्या कंडक्टरला बढती मिळाली तर हा हक्कानं पेढे मागून खायचा, शेजाऱ्यानं माडी चढवली तर जेवणावळीत वाढायला सगळ्यांच्या आधी उभा राहायचा. जगात त्याला फक्त एका माणसाचा हेवा वाटायचा. पण तो इतका मन लावून वाटायचा, की बाकीच्यांच्या वाट्याला काही शिल्लकच उरत नसे. तो माणूस म्हणजे साताऱ्याचा साडू, महेंद्र.

महेंद्र टेलिफोन खात्यात होता. घरी फोन आधी त्याच्याकडे आला, रंगीत टीव्ही आधी त्याच्याकडे आला, आणि पोटही आधी त्याचंच सुटलं. जोतीरामचं त्यानंतर वर्षभरात सुटलं. ते जेवणानं नाही, चुरशीनं सुटलं, असं त्याची बायको स्वप्ना म्हणायची. वाईच्या येसूबाईंनी थोरली आम्रपाली महेंद्रला दिली आणि धाकटी स्वप्ना जोतीरामला. त्यामुळे सासुरवाडीला गेलं की पहिला पाट महेंद्रचा, दुसरा जोतीरामचा, आणि आमटीच्या वाट्याही त्याच क्रमानं यायच्या. दोन्ही वाट्यांत तर्री किती आहे, हे जोतीराम मान न वळवता बघू शकायचा. स्टँडवर राहून राहून डोळ्यांना तशी सवय लागते.

पण वाईच्या त्या घरात एका कामात पहिला मान जोतीरामचा होता. येसूबाईंचा धाकटा लेक कपिल फौजेत. त्याची पत्रं वाईला यायची आणि येसूबाईंना वाचता येत नव्हतं. शेजारच्या कुणाकडून लेकाचं पत्र वाचून घेणं त्यांना पटत नसे. आलेलं पाकीट तसंच बंद, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जायचं आणि जोतीरामची सुट्टी येईपर्यंत तिथंच राहायचं. जोतीराम आला की आधी हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा, घसा साफ करायचा. लाउडस्पीकरवर गाड्या पुकारून कमावलेला तो आवाज. "प्रिय आईस" एवढं म्हटलं तरी उंबऱ्यात शेजारणी जमायच्या.

आता कपिल लिहायचा तारेसारखं. मी खुशाल आहे. थंडी आहे. बूट नवे मिळाले. एवढ्यावर आईचा पदर ओला व्हायचा कसा? म्हणून जोतीराम पदरची एखादी ओळ घालायचा. "आई, इथं सगळं मिळतं, पण तुझ्या हातचं हुलग्याचं माडगं मिळत नाही." येसूबाई पदर डोळ्याला लावायच्या. कपिलला माडगं लहानपणापासून गिळवत नसे, ही गोष्ट वेगळी.

जोतीरामची स्वतःची आई तो शाळेत असतानाच गेली होती. येसूबाईंच्या त्या ओल्या पदराशेजारी बसून त्याला काय मिळायचं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आपणही फार उकरू नये. आमटीत दुसरा नंबर त्याला चालायचा. पत्राच्या वाचनात चालला नसता.

आणि नेमका तिथंच दुसरा नंबर आला. अठ्ठ्याण्णव सालच्या शेवटी कपिल लेबनॉनला शांतिसेनेत गेला. तिथल्या छावणीत कॉम्प्युटर होता. महेंद्रनं साताऱ्यात कधीच कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता आणि फोनच्या तारेवर ईमेलही जोडून घेतलं होतं. टेलिफोनवालाच तो, त्याला कोण अडवतो. कपिलचं पत्र रात्री लेबनॉनहून निघून पहाटे साताऱ्यात हजर. साताऱ्याहून वाई म्हणजे पाचवडचा फाटा ओलांडला की आलंच. आणि सांगलीहून वाई म्हणजे इस्लामपूर, पेठ नाका, कराड, सातारा करत अर्धा दिवस.

पहिल्यांदा हा प्रकार जोतीरामनं पाहिला तेव्हा तो सुट्टीचा चहा घेऊन घसा साफ करत होता. महेंद्रनं खिशातून छापील कागद काढला आणि वाचायलाच लागला. पण पत्राच्या आधी अर्धा कागद भलताच मजकूर होता. हे पत्र अमुक मशीनला तमुक मशीनकडून इतक्या वाजता मिळालं, त्याच्याकडून आणखी तिसऱ्याला, असे शिक्क्यांवर शिक्के. ईमेलच्या डोक्यावर असली पगडी असते, एरवी ती झाकलेली राहते. महेंद्रच्या प्रोग्रॅमनं ती छापून दिली होती, आणि ती कशी झाकायची हे महेंद्रला ठाऊक नव्हतं. गाळून वाचावं तर अडाणीपणा दिसेल, म्हणून तो ती वरपासून खालपर्यंत वाचत होता, जमिनीचा उतारा वाचावा तशी.

येसूबाई डोक्यावर पदर घेऊन ऐकत होत्या. "माज्या लेकराचं पत्र किती गावं हिंडून आलं गं बाई," त्या म्हणाल्या.

मग पत्र आलं. मी खुशाल आहे. ऊन आहे. जेवण बरं आहे. संपलं.

"बास?" जोतीरामनं विचारलं.

"बास. एवढंच हाय."

"माडग्याचं काय न्हाई?"

"कसलं माडगं?" महेंद्रनं कागद उलटा करून पाहिला.

त्या रात्री जोतीरामला झोप लागली नाही, आणि पुढच्या महिन्यात सांगलीत बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओचा जुना कॉम्प्युटर त्याच्या घरी आला. स्वप्नानं तो बघितला, त्याच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ताईकडं उद्या हत्ती आला तर मला आधी सांगा. दाराची उंची वाढवाय लागंल."

जोतीरामनं कपिलला आपला पत्ता कळवला. कपिल शहाणा पोरगा. तेव्हापासून एकच पत्र दोन्ही दाजींच्या नावानं धाडायला लागला. मग शर्यत सुरू झाली. महेंद्र ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी वाईला जाणार; म्हणजे सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारी जोतीराम आधी. एसटीचा पास खिशात होताच. असा एकदा तो जिंकलाही. महेंद्र संध्याकाळी कागद घेऊन दारात आला तेव्हा येसूबाईंचे डोळे पुसून झाले होते आणि जोतीराम पाटावर मांडी घालून शेंगदाणे खात होता. "वाचून झालं, साडूभाऊ," तो म्हणाला. "बसा. दमला असाल." हे वाक्य त्याला पुढं कितीतरी दिवस गोड लागलं.

पण महेंद्रचं तोंड पडलं नाही. तो कपाळाला हात लावून बसला. "तुमचं बरं हाय, जोतीराम. तुमाला एकट्या कपिलचंच येतंय. मला रोज चाळीस येत्यात. अमेरिका, इंग्लंड, कुठनं कुठनं. वैताग आलाय बघा."

चाळीस. जोतीरामच्या तोंडातला शेंगदाणा कडू झाला. सगळ्या अमेरिकेला महेंद्र ठाऊक, आणि सांगलीच्या वाघमारेचं कुणी नाव काढत नाही?

परत येताच त्यानं इंटरनेटवर जिथं जिथं चौकोन दिसला तिथं तिथं आपला पत्ता भरला. फुकट दिनदर्शिका, फुकट राशिभविष्य, टक्कल पडलेल्यांची संघटना; याच्या डोक्यावर केस जटेसारखे, तरी भरला. आणि पत्रं यायला लागली. वजन घटवा, घरबसल्या श्रीमंत व्हा, दारावर लावायला विद्यापीठाची पदवी घ्या. स्टँडवर त्यानं जतकडच्या बिराप्पा ड्रायव्हरला सहज ऐकवलं, "आज अमेरिकेतनं पत्र आलंय. माझं वजन किती, इचारत्यात."

बिराप्पानं स्टिअरिंगवरून त्याच्या पोटाकडे पाहिलं. "खरं सांगू नगा, सायेब. परत लिवायचे न्हाईत."

आठवडाभर जोतीराम तरंगत होता. मग मात्र त्या पुरात तो बुडायला लागला. पहाटे उठून मशीन चालू करावं तर पत्रांचा ढीग; त्यातून कपिलचं हुडकून काढून छापेपर्यंत वाईला वेळेत पोचवणारी गाडी सुटलेली असायची. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. दोन्ही वेळा येसूबाईंना पत्र महेंद्रनं वाचून दाखवलं, पगडीसकट.

वर महेंद्रचा फोन आला. "आवं, मी चाळणी लावलीया. फिल्टर म्हणत्यात. विषयात 'फुकट' असं आलं की पत्र आपोआप केराच्या टोपलीत. तुमाला शिकवू काय?"

शिकवू काय! जोतीरामनं "बघू" म्हणून फोन ठेवला, आणि दोन वाक्यं तो फक्त भिंतीला बोलला.

मग त्यानं स्वतःच पत्रांची पगडी उघडून अभ्यास मांडला, आणि बघतो तर काय, ही तर आपलीच विद्या. बसच्या कपाळावर पाटी असते. पाटी कुणीही रंगवील. मिरजेहून आल्याची पाटी लावलेली गाडी म्हसवडहून आलेली त्यानं पाहिली होती. गाडी खरी कुठून आली हे पाटीवर नाही, वाटेतल्या स्टँडांवरच्या नोंदींवर कळतं. ईमेलचंही तसंच. पाठवणाऱ्याचं नाव ही पाटी, ते कुणीही काहीही लिहावं. पण पत्र ज्या ज्या मशीनमधून जातं ते ते मशीन आपला शिक्का मारतं, आणि नवा शिक्का जुन्याच्या वर चिकटतो. म्हणून शिक्के खालून वर वाचत यायचे. सगळ्यात खालचा तो मूळ डेपो. भामट्या पत्रांची पाटी एका गावची असायची आणि खालचे शिक्के भलत्याच गावचे.

हे कळल्यावर त्याला जो आनंद झाला त्याला तोड नाही. त्यानं महिनाभर रोज सकाळी कचऱ्यातली पत्रं तपासली. त्यातल्या निम्म्याअधिक पत्रांवर परदेशातल्या एकाच मशीनचा शिक्का होता: रिले-सात. रस्त्याकडेला एखादं हॉटेल असतं, जिथं हात दाखवील त्या कुणालाही चढवून घेणाऱ्या गाड्या थांबतात, तसला हा थांबा. ना चौकशी, ना तिकीट. जोतीरामनं हुकूम टाकला: ज्या पत्राच्या पगडीत कुठंही रिले-सातचा शिक्का असेल ते थेट केराच्या टोपलीत. आणि मशीन बंद करताना टोपली आपोआप रिकामी. नियंत्रकाला आपल्या केबिनमध्ये कचरा खपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर शांतता. त्यानं साताऱ्याला फोन लावला. "साडूभाऊ, तुमची चाळणी लय भोकाची. तुमी पाटी बघून गाडी ओळखताय. मी शिक्के बघतो."

"बरं बरं," महेंद्र म्हणाला. पण त्या दोन 'बरं'च्या मध्ये जो क्षण गेला तो जोतीरामनं मनात जपून ठेवला.

त्यानंतर कपिलचं पत्र आलं नाही. एक आठवडा, दुसरा. पोरगा ड्युटीवर असेल, जोतीराम म्हणाला. मग एका सकाळी स्वप्ना आम्रपालीशी फोनवर बोलून आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "कपिलचं बरं चाललंय म्हनं. ताईकडं तीन पत्रं आली."

जोतीरामच्या हातातला तांब्या खाली आला. "तीन? त्येंना?"

"आवं, आपलं मशीन बिघडलं असंल."

"मशीन न्हाई बिघडलं. मानसं बिघडल्यात." महेंद्रनंच कपिलला सांगितलं असणार, की सांगलीला कशाला पाठवतोस, मी आहे ना जवळ. कपिललाही ते पटलं असणार. मोठा दाजी, मोठा पाट, मोठी वाटी. जोतीरामनं त्या दिवशी लाउडस्पीकरवर सातारा गाडी इतक्या कडवटपणे पुकारली, की फलाटावरचे उतारू आपलं काय चुकलं म्हणून एकमेकांकडे बघायला लागले.

आणि त्यानं वाईला जाणं बंद केलं. सुट्टी आली की म्हणायचा, जादा ड्युटी आहे. महेंद्र पाटावर बसून वाचतोय आणि आई ऐकतायत, हे चित्र त्याला घरी बसून दिसायचं ते काय कमी होतं, की तिथं जाऊन बघावं? स्वप्ना दोनदा एकटीच माहेरी जाऊन आली. "आई इचारत होती," ती म्हणाली. यानं काय विचारत होती हेसुद्धा विचारलं नाही. माणूस रुसला की त्याला निरोपाचीही भीती वाटते.

शेवटी निरोप त्याच्या केबिनलाच येऊन धडकला. वाई गाडीच्या कंडक्टरनं खिडकीतून डोकं आत घातलं. "सायेब, तुमच्या सासूबाई आमच्या स्टँडवर आलत्या. म्हनाल्या, जावयाला सांगा, येत्या रविवारी या. न्हाईतर मी येते."

साठी उलटलेली म्हातारी अर्धा दिवस गाडीत बसून येणार म्हटल्यावर गेलंच पाहिजे. गाडीत जोतीरामनं भाषण तयार केलं. इस्लामपूरपर्यंत ते नुसतं कडक होतं, कराडला त्यात इतिहास आला, आणि पाचवडला गाडी वळली तेव्हा "माझं काय चुकलं एवढं सांगा" या वाक्यावर त्याला स्वतःलाच रुमाल काढावा लागला.

दारात महेंद्रची चप्पल. आत पहिल्या पाटावर महेंद्र.

"जयभीम," जोतीराम म्हणाला, आणि भाषणाचा मधलाच तुकडा बाहेर आला. "कपिलला माझा पत्ता खोडायला कुनी सांगितलं?"

महेंद्रनं मान वर केली. त्याचं तोंड जोतीरामहून आंबट होतं. "मी कशाला सांगू? उलट तुमीच काय जादू केलीया ते मला सांगा. आठवड्याला मी कागद घेऊन येतो, घसा कोरडा पडस्तवर वाचतो. वाचून झालं की आई कागदाची घडी घालत्यात आन म्हनत्यात, बरं झालं, आता जोतीराम आला की वाचू. मग मी काय वाचत हुतो? पंचांग?"

जोतीराम उभाच राहिला.

येसूबाई उठल्या. तसबिरीमागे हात घालून त्यांनी घडी घातलेल्या कागदांचा गठ्ठा काढला आणि दुसऱ्या पाटासमोर ठेवला. "हातपाय धुवा," त्या म्हणाल्या. "थोरलं जावई वाचत्यात चांगलं, पर ते बातम्या दिल्यागत वाचत्यात. कपिलचं बोलनं येत न्हाई त्यात. तुमी किती दिस आला न्हाई, जोतीराम. मी काय चुकले व्हय?"

ते भाषणातलं वाक्य होतं, आणि ते भलत्याच माणसानं म्हटलं होतं. जोतीरामनं हातपाय धुतले, चहा घेतला. उंबऱ्यात दोन शेजारणी येऊन टेकल्या. त्यानं वरचा कागद उचलला आणि पगडीपासूनच सुरुवात केली. पण महेंद्रसारखी वरून नव्हे, खालून वर, जाणत्या माणसासारखी. "छावणीतनं सुटलं," तो खड्या आवाजात म्हणाला. "तिथनं पुढं—"

आणि थांबला. पुढचा शिक्का रिले-सातचा होता.

त्यानं दुसरा कागद उचलला. रिले-सात. तिसरा. रिले-सात. छावणीची टपाल धाडायची वाट मध्येच बदलली होती, आणि एखाद्या आडवाटेच्या गाडीत भला माणूसही बसलेला असतो तसं कपिलचं पत्र त्या थांब्यावरून येत होतं. प्रत्येक कागदावर, कुणाला या ओळीत, दोन्ही दाजींची नावं होती. त्यात सांगलीच्या दाजींचं आधी. म्हणजे पत्रं सांगलीला पोचली होती, त्याच्या घरात आली होती, आणि त्यानं ती स्वतःच्या हुकुमानं केरात टाकून, वर मशीन बंद करताना टोपलीही रोज नेमानं रिकामी केली होती. शेवटच्या पत्रात कपिलनं लिहिलं होतं: सांगलीचे दाजी उत्तर देत नाहीत. रागावलेत का?

"काय झालं?" येसूबाईंनी विचारलं.

जोतीरामनं महेंद्रकडे पाहिलं. एवढा एक घोट त्याला जन्मात कधी जड गेला नव्हता. "साडूभाऊ," तो हळू म्हणाला, "पत्रं मला बी येत हुती. माझ्याच चाळणीनं टाकली."

महेंद्रला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्याचं पोट आधी हललं, मग तो. "शिक्के बघून गाडी ओळखतो म्हनं," तो म्हणाला. "गड्या, तुमी तर आपल्या घरचं वऱ्हाड फलाटावरनं परत लावलं."

"तुमच्या चाळणीतनं अजून निम्मा कचरा आत येतोय."

"येतोय. पर त्यात कपिल बी येतोय."

जोतीरामनं चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला लागला. मी खुशाल आहे. पुढच्या महिन्यात सुट्टी मंजूर झाली आहे. तो स्टँडवरचा आवाज घरभर भरला. येसूबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "आणि आई," जोतीराम वाचत गेला, "इथं सगळं मिळतं, पण घरी आलो की आधी तुझ्या हातचं हुलग्याचं माडगं—"

महेंद्र त्याच्या खांद्यावरून कागदात बघत होता. "थांबा थांबा. ही ओळ कुठं हाय? मी हा कागद चारदा वाचलाय. ही ओळ ह्यात न्हाई."

जोतीरामचे कान तापले.

येसूबाईंनी पदर डोळ्याला लावला. थोरल्या जावयाच्या तोंडून आठवड्याला आणि आता दोघांच्याही तोंडून चाळणी, चाळणी ऐकून ती वस्तू आता त्यांच्या चांगली ओळखीची झाली होती.

"तुमच्या चाळणीत अडकली असंल," त्या महेंद्रला म्हणाल्या. "तुमी वाचा हो पुढं, जोतीराम."

जोतीरामनं पुढं वाचलं. सगळे कागद वाचले. एकात थंडी होती, तिथं त्यानं गोधडी घातली. एकात नुसतं ऊन होतं, तिथं कृष्णेचा घाट आणला. महेंद्र मान खाली घालून ऐकत होता आणि दर नव्या ओळीला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते जोतीरामच्या चांगल्या ओळखीचं होतं. इतकी वर्षं ते त्यानं फक्त दाढी करताना आरशात पाहिलं होतं.

मग जेवणं झाली. आधी महेंद्रची वाटी आली, मग जोतीरामची. जोतीरामनं मान न वळवता पाहिलं. तर्री महेंद्रच्या वाटीतच जास्त होती.